साडेपाचच्या आधीचा माल

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावरच्या एका मासळी व्यापाऱ्यासाठी मी लिलावाच्या नोंदीचं अ‍ॅप केलं. बोट, मासळी, किलो, दर, घेणारा, एवढाच फॉर्म. १ ऑगस्टला पावसाळी बंदी उठली तशी नोंदणी सुरू झाली. सप्टेंबरात शेठचा फोन आला: रोजची बेरीज गल्ल्याशी जुळत नाही. संशय काट्यावर नोंदी करणाऱ्या पोरावर होता, त्याचे पैसेही कापले होते. मी घरी बसूनच लॉग चाळले, एकही एरर नव्हती. म्हणालो, "सिस्टम बरोबर आहे, नोंदी करणाऱ्याला विचारा." ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

तीन दिवस कोड चाळून काहीच हाती लागलं नाही, म्हणून चौथ्या दिवशी पहाटे चारला बंदरावर गेलो. बल्बच्या उजेडात लिलाव चालू होता. पोराचा मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, खिशात. तो लिहीत होता पुठ्ठ्यावर, पेन्सिलीनं. पुठ्ठ्याची कड बर्फाच्या पाण्यानं मऊ पडलेली. "सुरमई १८", त्याखाली "म्हाकूळ ४२".

"मोबाईलवर का टाकत नाहीस?"

"साडेपाचच्या आधी टाकलं की कालच्यात जातं, दादा. मग उजाडल्यावर सगळं एकदम टाकतो. घाईत एखादं राहतं."

"शेठना सांगितलंस?"

"सांगितलं. कॉम्प्युटर कसा चुकेल, म्हणाले."

साडेपाच हा आकडा कानावर पडला आणि चूक तिथेच कळली. आपलं घड्याळ यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, साडेपाच तास पुढे. मी तारीख काढायला जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतलं टूआयएसओस्ट्रिंग हे फंक्शन वापरून त्यातली पहिली १० अक्षरं घेतली होती. ते फंक्शन तारीख यूटीसीतच देतं. इथे पहाटेचे चार वाजतात तेव्हा यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे साडेदहा झालेले असतात. त्यामुळे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद कालच्या खात्यात. मी टेस्टिंग करायचो सकाळी दहानंतर, तेव्हा दोन्हीकडे तारीख एकच. पुण्यातल्या सीनियरनं तो कोड न वाचताच पास केला होता. मी ज्या कोर्समधून शिकलो तिथे हीच ओळ शिकवली होती, आणि टाइमझोनबद्दल अवाक्षर नव्हतं. मीही कधी विचारलं नाही.

नोंद नेमकी कधी झाली ती वेळ डेटाबेसमध्ये सुदैवानं वेगळी साठवलेली होती. ती 'एशिया/कोलकाता'मध्ये, म्हणजे भारतीय वेळेत, बदलून जुन्या सगळ्या तारखा दुपारपर्यंत दुरुस्त केल्या. पहाटे ४, ५:२९ आणि ५:३१ च्या टेस्ट लिहिल्या. पोरानं राहिलेल्या नोंदी जुन्या पुठ्ठ्यांवरून शोधून दिल्या. ते त्यानं जपून ठेवले होते, एकावर एक, सुतळीनं बांधून. बेरीज गल्ल्याशी जुळली.

संध्याकाळी शेठच्या गाळ्यावर चार माणसांसमोर सांगितलं, की चूक माझी होती, याची नव्हे. कापलेले पैसे शेठनी त्याला तिथेच दिले. माफी त्यांनी मागितली नाही. मी मागितली, तेव्हा पोरगा नुसता "चालेल" म्हणाला आणि क्रेट उचलायला गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ४:१० ला पहिली नोंद आली, तारीख बरोबर. गेल्या आठवड्यात परत बंदरावर गेलो होतो. नोंदी तो आता लगेच मोबाईलवर टाकतो. पुठ्ठाही शेजारी असतोच.