काच पुसायचा लांब पोल घेतला, त्याचा माझा अनुभव

दोन-तीन पोरांनी विचारलं की दादा तू काचा पुसायचं काम करतो, आम्हालाही करायचं आहे, पोल कोणता घ्यावा. फोनवर किती सांगणार, म्हणून लिहूनच टाकतो. थोडं लांब होईल.

हिंगणघाटपासून १० किलोमीटरवर आमचं गाव. मी ४ वर्षं पुण्याला हाऊसकीपिंगमध्ये होतो, कंपन्यांच्या काचा पुसल्या, मग बाबांची तब्येत बिघडली न परत आलो. शेती ३ एकर, कोरडवाहू, कापूस न तूर, त्याच्यावर घर निघत नाही, तर म्हटलं जे काम हातात आहे तेच इथे करू. कारण आता आपल्याकडेही काचा झाल्या ना. हिंगणघाट घ्या, समुद्रपूर घ्या, जामचा चौरस्ता घ्या, नवी बिल्डिंग झाली की समोरून काच. दवाखाना, गाड्यांचं शोरूम, पतसंस्था, मंगल कार्यालय. पण ती पुसायला माणूस नाही. चपराशी स्टुलावर चढून फडकं मारतो, हात पुरला तिथपर्यंत काच चमकते न वर धुळीचा थर तसाच.

पुण्यात सामान कंपनीचं होतं, जो पोल हातात दिला त्याने काम केलं, निवडायची वेळ कधी आलीच नाही. इथे सगळं आपलं आपल्याला.

पहिले तर घरातला आंबे तोडायचा बांबू घेतला, टोकाला वायपर सुतळीने करकचून बांधला. एक दिवस केलं न सोडलं. बांबू सरळ नसतो, हातात जरा फिरला की वायपर भलत्याच बाजूला तोंड करतो. मग मोबाईलवर पाहून २० फुटी पोल मागवला, ॲल्युमिनियमचा, ३ पीस एकात एक जाणारे, १,८५० रुपये. डोक्यात एकच होतं की जेवढा लांब मिळेल तेवढा घ्यावा म्हणजे कुठे अडणार नाही. घरी आल्यावर अंगणात पूर्ण उघडून उभा केला तर वाऱ्यात ज्वारीचा धांडा डोलतो तसं टोक डोलत होतं. आई ओट्यावर डाळ निवडत बसली होती, ती म्हणे, "हे तं कोनाच्या डोक्यावर पडन रे बाप्पा, वापस करून दे."

वापस केला नाही, तिथेच चुकलो.

काचेचा जो टी आकाराचा वायपर असतो, स्क्वीजी म्हणतात त्याला, तो १९३६ साली अमेरिकेत एट्टोरे स्टेकोने नावाच्या माणसाने पेटंट केला, न आजही त्याचं तत्त्व तेच आहे, रबराची धार काचेला पूर्ण रुंदीत सारखी टेकली पाहिजे. पोल लचकला की एक कोपरा टेकतो, दुसरा उचलतो, न काचेवर पाण्याची रेघ राहते. ती रेघ काढायला परत नेला तर बाजूला दुसरी रेघ. खालून तुम्ही कितीही दाबा, जोर वर पोचतच नाही, मधातच पोल वाकतो. तोच पाईप दुप्पट लांब केला तर तेवढ्याच वजनाने त्याचा वाक दुप्पट नाही, ८ पट होतो, न वरचा पीस तर अजून बारीक असतो. म्हणून १० फुटावर बरा वाटणारा पोल २० फुटावर कामाचा राहत नाही.

दुसरा त्रास लॉकचा. पिळायचं लॉक होतं, म्हणजे पाईपच्या आत प्लास्टिकचा एक तुकडा असतो, पिळला की तो फुगून पाईपला धरतो. पुण्यात चाललं असतं कदाचित, इथे काळ्या मातीची बारीक धूळ आतमध्ये जाते, वरून पाणी ओघळत येतं, दोन्हीचा चिखल होतो न लॉक सटकतं. एका शोरूमला काम करत असताना वरचा पीस सर्रकन खाली आला न डाव्या हाताचं बोट मधात सापडलं. नख काळं पडलं, नंतर गळून गेलं, नवीन यायला ४ महिने लागले. विकणाऱ्याला लॉकचा व्हिडिओ पाठवला तर उत्तर आलं की वापरलेला माल परत होत नाही. ठीक आहे, पैसे गेले.

पण ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसलो ते पुढचं आहे.

एका खाजगी दवाखान्याचं काम घेतलं होतं, रस्त्याला लागून, दोन मजले, समोर पूर्ण काच. सकाळी ७ ची वेळ. मी काचेकडे तोंड करून उभा, पोल १६-१७ फुटापर्यंत उघडलेला, वरची काच ओली करायची होती म्हणून पोल मागे घेऊन उभा करत होतो. सगळं लक्ष टोकाच्या कापडाकडे. तेवढ्यात समोरच्या चहाच्या टपरीवरचे काकाजी जिवाच्या आकांताने ओरडले, "अबे तार! तार हाय मांगं!" मी आहे तसा थांबलो. हळूच मान वळवली तर लाईनची उघडी तार माझ्या पोलच्या टोकापासून हातभर. मी ॲल्युमिनियमचा ओला पाईप दोन्ही हातात धरून ओल्या फरशीवर उभा होतो, पायात स्लीपर. पोल कसा खाली आणला मला आठवत नाही. टपरीवर जाऊन बसलो, काकाजींनी चहा दिला, कप हातात धरवत नव्हता. दोन पोरींचं तोंड डोळ्यासमोर आलं. त्या दिवशी काम केलं नाही.

नंतर माझा चुलतभाऊ वायरमन आहे त्याला विचारलं. त्याने सांगितलं की ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, तार नियमाप्रमाणे बिल्डिंगपासून आडवी कमीत कमी १.२ मीटर लांब पाहिजे. १.२ मीटर म्हणजे ४ फूट! म्हणजे तार पूर्ण नियमात असली तरी आपण काचेसमोर पोल घेऊन उभे राहतो ती जागा तारेच्या खालीच येते. न त्या तारेला प्लास्टिकचं कव्हर वगैरे काही नसतं, त्यात जवळ गेलं की टेकायचीही गरज नाही, करंट उडी मारू शकतो. आपण काचेकडे पाहत असतो न तार पाठीमागे असते, शेजारच्या माणसाला दिसते, आपल्याला दिसत नाही. भावांनो, पोलचं बाकी सगळं नंतर, हे पहिले डोक्यात ठेवा.

त्यानंतर ८ दिवस काही घेतलं नाही, फक्त मोजलं. १० फुटाचा एक सरळ बांबू घेतला, दर फुटावर लाल पट्टी मारली, न जिथे जिथे काम मिळतं किंवा मिळू शकतं तिथे तो भिंतीला टेकवून लांबून फोटो काढला. फोटोत पट्ट्या मोजल्या की सगळ्यात वरची काच किती फुटावर आहे कळतं. पोरीच्या जुन्या वहीत लिहून ठेवलं, जागा, उंची, तार कोणत्या बाजूला, खाली उभं राहायला फरशी की नाली. १४ जागा झाल्या. त्यातल्या ११ जागी सगळ्यात वरची काच १५ फुटाच्या आतच होती, दोन १८ च्या आसपास, न तो दवाखाना २४. म्हणजे २० फुटी पोलची गरज मला कधीतरीच पडणार होती न त्याचा त्रास मात्र रोज भोगत होतो.

हेही लक्षात घ्या की पोलची लांबी न पोहोच वेगळी. पोल आपण जमिनीवर टेकवत नाही, छातीशी धरतो, न तो थोडा तिरपा राहतो. माझी उंची ५ फूट ६ इंच, १२ फुटी पोलने मी १५ फुटापर्यंतची काच बरोबर ओढतो. तुमचं थोडं कमीजास्त होईल, ते बांबूने स्वतः करून पाहा.

मग एसटीने नागपूरला गेलो, वही सोबत. साफसफाईच्या सामानाच्या दुकानात ३ प्रकार दाखवले, ॲल्युमिनियम, फायबर ग्लास न कार्बन फायबर. कार्बनचा पोल हातात घेतला न खरंच फुलासारखा हलका न एकदम ताठ, मन तिथेच बसलं. मी विचारलं, याला करंट लागतो का. दुकानदार म्हणे, "काही नाही भाऊ, प्लास्टिकच आहे हे." तिथेच बाहेर येऊन भावाला फोन लावला. तो म्हणे, "कार्बन म्हनजे कार्बन, त्याच्यातून करंट जाते, आनू नको." हे बरोबर आहे, कार्बन फायबर वीज वाहून नेतो, दिसायला काळ्या प्लास्टिकसारखा असला तरी. फायबर ग्लास वाहून नेत नाही, पण तो कोरडा न स्वच्छ असेल तरच. आपलं काम पाण्याचं, वरून ओघळ येणारच, त्यामुळे फायबर ग्लास घेतला म्हणून तारेजवळ जायची परवानगी मिळाली असं समजू नका.

शेवटी फायबर ग्लासचा घेतला, ३ पीसचा, उघडून १२ फूट. ॲल्युमिनियमपेक्षा थोडा जड आहे न दुप्पट महाग पडला, तरी घेतला. दुकानाच्या बाहेर पूर्ण उघडला, टोकाला धुवायचं कापड ओलं करून लावलं न समोरच्या शटरवर १० वेळा खालीवर केलं. कोरडा पोल कोणताही हलका वाटतो, कापड पाण्याने भरलं की खरं वजन कळतं, कारण ते वजन टोकाला असतं न मनगटावर येतं. तुम्हीही असंच ओलं कापड लावून पाहा, दुकानदार चिडला तर चिडू द्या. लॉक बाहेरून दाबायच्या खटक्याचं घेतलं, धूळ बसली तरी ब्रशने साफ होते न स्क्रू ढिला झाला तर आपण आवळू शकतो. लॉक लावून पोल उभा टेकवला न वरून अंगाचा भार दिला, सरकला नाही. टोक पाहिलं, साध्या आट्याचं नको, कारण पोल फिरवला की वायपर उलगडत जातो न १५ फुटावरून खाली येतो, कोणाला लागला तर डोकं फुटेल. खटक्याने अडकणारं टोक घ्या, त्यात वायपरही बसला पाहिजे न कोरडा ब्रशही. ब्रश आपल्याकडे लागतोच, जिनिंगच्या सीझनमध्ये कापसाची रुई उडून काचेला चिकटते, पहिले पाणी मारलं की तिचा लगदा होतो, म्हणून आधी कोरडी झाडून घ्यावी लागते.

न एक, बंद केल्यावर किती लांब राहतो ते विचाराच. पहिला पोल बंद असताना सात फुटाच्या वर होता, गाडीला आडवा बांधला तर बाहेर निघायचा, हायवेवर ट्रक जवळून गेला की छातीत धस्स व्हायचं. नवीन साडेचार फुटाचा आहे, गाडीच्या बाजूला सीटखालून सरळ बसतो.

पाणी आतून सोडणारे ब्रशवाले पोलही दाखवले दुकानात. ते घेतले नाही. त्यात काच ओढत नाहीत, पाणी तसंच वाळू देतात, म्हणून पाणी शुद्ध लागतं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) जवळजवळ शून्य. आमच्या बोअरचं पाणी मीटरवर ८५० दाखवतं, ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके. वायपरने लगेच ओढून घेतलं तर बोअरचंही पाणी चालतं.

उन्हाळ्यात वेळ पाळावी लागते. मे महिन्यात ४५ डिग्रीला काच एवढी तापते की पाणी ओढायच्या आधीच उडून जातं. पूर्वेकडची काच संध्याकाळी, पश्चिमेची सकाळी. धरायच्या जागेवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली आहे, घामाने हात घसरत नाही. संध्याकाळी घरी आलो की तिन्ही पीस वेगळे करतो, आतलं पाणी काढतो, फडक्याने पुसून सावलीत आडवे ठेवतो, धाकटी पोरगी मदत करते, तिला खटके लावायला आवडतात. १८ फुटाच्या दोन जागा बाकी होत्या, तिथे महिन्यातून एकदा पेंटरकडून घोडा, म्हणजे उभं राहायची उंच घडवंची, भाड्याने आणतो न त्याच्यावर उभं राहून हाच पोल वापरतो. घोडा लावायच्या आधीही वर पाहतो न मागेही.

दवाखान्याचं काम सोडलं नाही. खालची काच पोलने करतो, वरच्या मजल्यावरची सरकणारी खिडकी आतून उघडून हात पुरेल तेवढं करतो. रस्त्याच्या बाजूच्या वरच्या ४ काचा मात्र सोडतो. डॉक्टरसाहेबांनी विचारलं, भाऊ ह्या ४ का ठेवल्या. मी त्यांना बाहेर घेऊन आलो, काचेसमोर उभं केलं न म्हटलं साहेब, आता मागे वळून वर पाहा. त्यांनी पाहिलं, बराच वेळ काही बोलले नाही. मग तार हलवायसाठी महावितरणला स्वतः अर्ज दिला, एक प्रत माझ्याकडे आहे. तार अजून तिथेच आहे न त्या ४ काचांवरची धूळही.