पुणे ते पाचगणी सायकलवर: घाटात एकमेकांना वाट देताना

डिसेंबरातल्या एका शनिवारी पहाटे पाचला आम्ही तिघे स्वारगेटहून निघालो आणि शिरवळ, खंबाटकी, सुरूर, वाई असे करत दुपारी पाचगणीला पोहोचलो. अंतर साधारण १०० किलोमीटर आहे. कात्रजला बाह्यवळणाचा बोगदा टाळून जुन्या घाटाने जावे. चढ जास्त असला तरी तिथे अवजड वाहने कमी असतात. आम्ही गेलो तेव्हा खंबाटकी घाटातून साताऱ्याकडे जाणारीच वाहतूक होती, त्यामुळे समोरून कोणी येत नव्हते. मात्र संथ चढणाऱ्या ट्रकला मोटारी दोन्ही बाजूंनी ओलांडतात, म्हणून ट्रकच्या डाव्या अंगाने पुढे घुसण्याचा मोह सायकलस्वाराने कटाक्षाने टाळावा.

खरी कसोटी वाई ते पाचगणीच्या पसरणी घाटात लागते. रस्ता दुहेरी वाहतुकीचा आणि अरुंद आहे, वळणे आंधळी आहेत आणि शनिवार-रविवारी पर्यटकांची गर्दी असते. सुरुवातीला मी भीतीपोटी अगदी कडेला, साइडपट्टीच्या खडीला लागून चालवत होतो. एका वळणावर मागून आलेल्या मोटारीने मला ओलांडायला घेतले, तेवढ्यात समोरून बस आली, मोटार डावीकडे सरकली आणि तिचा आरसा माझ्या हँडलला घासून गेला. कडेला राहिल्याने मी सुरक्षित झालो नव्हतो. उलट, मागच्या चालकाला पुरेशी जागा आहे असा भास मीच निर्माण केला होता. त्यानंतर वळणापूर्वी मागे पाहून, हात दाखवून मी काठापासून जवळपास एक मीटर आत येत गेलो आणि वळण संपून सरळ, मोकळा पट्टा दिसताच डावीकडे सरकून मागच्यांना वाट देत गेलो. एक एसटी चालक हॉर्न न वाजवता दोन वळणे माझ्या मागे थांबले; मी हाताने खूण केल्यावर ते भरपूर अंतर सोडून पुढे गेले आणि वाहकांनी हात हलवला. त्या दोन वळणांपायी बसचा फार तर एक मिनिट गेला असेल. मला मात्र पुढचा सारा घाट निर्धास्तपणे चढता आला.

रविवारी संध्याकाळी परतताना सायकली टपावर बांधून मित्राच्या मोटारीने उतरलो आणि हाच रस्ता काचेमागून पाहिला. वळणावर हेडलाइटचा झोत सरळ दरीकडे जातो, रस्त्यावर पडत नाही; मागे दिवा नसलेला, गडद कपड्यांतला एक सायकलस्वार आम्हाला अगदी जवळ गेल्यावर दिसला. म्हणून मागचा लाल दिवा दिवसाही सुरू ठेवावा आणि अंधारापूर्वी घाट संपवावा. चालकांना विनंती आहे की सायकल ओलांडताना निदान दीड मीटर अंतर ठेवावे, तेवढी जागा नसेल तर मागेच थांबावे आणि अगदी जवळ येऊन हॉर्न वाजवू नये, कारण दचकलेल्या सायकलस्वाराचा तोल जातो. अरुंद चढावर चढणाऱ्या वाहनाला आधी वाट देण्याचा नियम सायकललाही लागू आहे, असे मानूनच उतरावे.

गळिताच्या हंगामात सुरूर-वाई रस्त्यावर उसाच्या जोडट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर पुढे गेला तरी मागची ट्रॉली वळणावर आत ओढली जाते, तेव्हा दोन्ही ट्रॉल्या पूर्ण जाईपर्यंत थांबावे. पाचगणीच्या बाजारपेठेत उभ्या मोटारींपासून दार उघडेल एवढे अंतर ठेवून सायकल चालवावी. चालकांनी उजवे दार डाव्या हाताने उघडावे, म्हणजे अंग आपोआप वळते आणि मागून येणारी सायकल दिसते.