तीन कुलपं

1987 साली, मी नववीत असताना, आपल्या शाळेची प्रयोगशाळा म्हणजे जिन्याखालचं एक कपाट होतं. प्रयोगवहीतली निरीक्षणं बहुतेक जण वरच्या वर्गाच्या वहीतून उतरवायचे. मीही उतरवली आहेत, आता सांगायला हरकत नाही.

विज्ञानाच्या सरांनी फळ्यावर ‘स्वतंत्र चल’ लिहिलं, तेव्हा मागच्या बाकावरून ‘कुठे?’ असा आवाज आला. वर्ग हसला, सरही हसले. पुढे ‘अवलंबी चल’ लिहिलं आणि आम्हाला खिडकीपाशी नेलं. खिडकीच्या गजाला दोरा बांधला, खाली वर्गाचं पितळी कुलूप. दोलक तयार! सरांच्या एचएमटी घड्याळावर वीस झोके मोजले; जाऊन परत आला की एक झोका. वीस सेकंद. एकच झोका मोजला, तर हात-डोळ्याची चूक सगळी त्या एकावरच पडते, म्हणून वीस.

वजन वाढवलं की काय होतं, हे बघायचं माझ्याकडे आलं. मी शिपाईमामांकडून आणखी दोन कुलपं आणली आणि एकाच्या कडीत दुसरं, दुसऱ्याच्या कडीत तिसरं अशी अडकवली. वीस झोक्यांना साडेबावीस सेकंद लागले. मी तोऱ्यात सांगितलं, ‘सर, वजन वाढलं की दोलनकाल, म्हणजे एका झोक्याचा वेळ, वाढतो.’

‘वजन तू वाढवलंस. लांबी कोणी वाढवली?’

‘लांबी तीच आहे सर, दोरा तोच आहे.’

सरांनी फूटपट्टी लावली. दोलकाची लांबी नुसत्या दोऱ्याची नसते, ती वरच्या गाठीपासून वजनाच्या मध्यापर्यंत धरायची. एक कुलूप होतं तेव्हा 25 सेंटिमीटर. तिन्हींचा मध्य मधल्या कुलपावर, म्हणजे 31. मी एक गोष्ट बदलतोय असं समजत दोन बदलल्या होत्या. मग तिन्ही कुलपं सुतळीने एकत्र बांधून त्यांचा मध्य पुन्हा 25वर आणला. वीस सेकंद! वजन तिप्पट झालं, तरी काटा हलला नाही.

त्यानंतर एकच कुलूप ठेवून फक्त लांबी बदलली. 50 सेंटिमीटरला 28 सेकंद, 100 ला 40. लांबी चौपट, वेळ दुप्पट. वहीत डाव्या रकान्यात लांबी, कारण ती आम्ही ठरवत होतो: ती स्वतंत्र चल. उजवीकडे घड्याळ सांगेल तो वेळ, लांबीवर अवलंबून: तो अवलंबी चल. मला तोवर वाटायचं, आपोआप हलतो तो दोलकच स्वतंत्र!

त्या दिवशी कुलपं परत द्यायला उशीर झाला आणि शिपाईमामांची बोलणी खाल्ली, ती वेगळी.

आता मी डाळिंबाची बाग बघतो. गेल्या हंगामात नवं खत घातलं आणि त्याच महिन्यात ठिबकचं पाणीही वाढवलं. फळ चांगलं भरलं. बांधावरून शेजारी विचारतो, ‘कुठल्या खताने रे?’ काय सांगणार? कडीत कडी अडकवून बसलो होतो. यंदा पाणी सगळ्या बागेला सारखं आहे आणि दोन ओळींना ते खत दिलेलं नाही. बायको रोज विचारते, ‘या दोन ओळींनी तुमचं काय घोडं मारलंय?’