रॉकेलचा डबा

"काय म्हणतेय गं ती?" आईनं विचारलं. मिरांडा लॅम्बर्ट या अमेरिकन कंट्री गायिकेचं 'केरोसीन' लावून मी सोबत गिटार बडवत होते.

"रॉकेल म्हणतेय."

"अगं बाई! कुणी कुणावर ओतलं?"

मला हसू आलं, आणि लगेच गेलंही. मराठी पेपरात 'रॉकेल ओतून' एवढं वाचलं की पुढचं न वाचताच कळायचं. जळलेली बाईच असणार. या गाण्यात मात्र डबा बाईच्या हातात आहे. प्रेमात फसवली गेलीय, पण रडत बसलेली नाही, काडी ओढायला निघालीय. हे सांगितल्यावर आई म्हणाली, "बरं, आवाज वाढव जरा."

मिरांडा टेक्सासमधल्या लिंडेल गावात वाढली. तिचे आई-वडील दोघंही खासगी गुप्तहेर! नवरा-बायकोच्या भानगडी शोधून काढणं हा त्यांच्या धंद्याचाच भाग. अशा घरातल्या मुलीनं भोळीभाबडी प्रेमगीतं लिहिली असती तरच नवल. २००३ मध्ये 'नॅशव्हिल स्टार' या टीव्ही स्पर्धेत ती तिसरी आली. पुढे एकेकटी प्रसिद्ध केलेली तिची पहिली दोन गाणी फार वर गेली नाहीत. तिसरं 'केरोसीन'. अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' मासिकाच्या लोकप्रिय कंट्री गाण्यांच्या यादीत ते पंधराव्या क्रमांकापर्यंत पोचलं. पंधरावा म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल, पण पहिल्या विसात शिरलेलं तिचं ते पहिलंच गाणं. त्याच नावाचा अल्बम मार्च २००५ मध्ये आला तो थेट कंट्री अल्बमच्या यादीत पहिला. तेव्हा ती २१ वर्षांची होती.

गिटारवर बसवताना आणखी एक गंमत कळली. स्टीव्ह अर्ल या अमेरिकन गायक-गीतकाराचं १९९६ चं 'आय फील ऑलराइट' वाजवता वाजवता माझा हात आपोआप 'केरोसीन'वर गेला. आधी वाटलं, माझंच चुकतंय. नाही, चाल खरंच तीच आहे. ते गाणं इतकं ऐकलं होतं की नकळत उतरलं, असं मिरांडानं स्वतःच सांगितलंय. गीतकार म्हणून तिच्या शेजारी अर्लचंही नाव लागतं. फसवणुकीवरच्या गाण्याची चाल अशी दुसऱ्याकडून आलेली! मला तरी त्यानं गाणं कमअस्सल वाटत नाही. उजव्या मनगटाला तीन मिनिटं दम घेऊ न देणारी ती झोड, आणि वर तिचा तो नाकातला, बेफिकीर टेक्सास हेल. त्या माणसानं नेमकं काय केलं, याचा तपशीलही ती देत नाही. चौकशी संपलीय, आता फक्त शिक्षा.

मग त्याच जातीचं म्हणून आईला कॅरी अंडरवुड या दुसऱ्या कंट्री गायिकेचं 'बिफोर ही चीट्स' ऐकवलं. ते याहून कितीतरी जास्त गाजलं, ग्रॅमीही मिळालं. तो बारमध्ये दुसरीबरोबर, आणि इकडे ही त्याच्या गाडीवर किल्लीनं ओरखडे काढते, बॅटनं दिवे फोडते, चारही टायर फाडते. गाणं ठसकेबाज आहे, पण मला त्यात हिशेबाची वही जरा जास्त वाटते. आईनं शेवटपर्यंत नीट ऐकून घेतलं.

"गाडी फोडली कशाला? विकायची ना."