फोर्ट्रान एसटीडीलिब: मीडियन, मास्क आणि आयर्विनची पातळी

मंडळी, मागच्या नोंदीनंतर बरेच दिवस गेले, पण काम चालू होतं. नवीन कुणी असेल तर थोडक्यात, फोर्ट्रान ही प्रोग्रामिंग भाषा १९५७ पासून आहे पण आजही भाषेत साधं सॉर्ट (आकडे क्रमाने लावणं) आयतं मिळत नाही, प्रत्येकजण आपापलं लिहितो किंवा जुन्या कुणाचं तरी कॉपी करतो, आणि हेच थांबावं म्हणून २०१९ च्या अखेरीस एसटीडीलिबचं, म्हणजे सगळ्यांना वापरता येईल अशा स्टँडर्ड लायब्ररीचं काम सुरू झालं. सॉर्टिंग, स्टॅट्स, स्ट्रिंग, लिनिअर अल्जेब्रा असं बरंच काही त्यात आलंय, सगळं एमआयटी लायसन्सखाली.

मी सध्या त्यातल्या मीडियनसाठी (आकडे क्रमाने लावल्यावर येणारा मधला आकडा) मास्कचं (कोणते आकडे धरायचे, कोणते सोडायचे ते सांगणारी अट) एक उदाहरण लिहितोय. डेटा घरचाच. पावसाळ्यात सांगलीत सकाळी पहिला प्रश्न असतो "आयर्विनला पाणी किती?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पातळी किती, ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका, २०१९ ला तर ५७ च्या वर गेलेलं, त्यामुळे पातळी वहीत लिहायची मला तेव्हापासून सवय लागलीय. एका आठवड्याचे आकडे घेतले: १८, १९, ०, २४, ३१, ०, २७. शून्य म्हणजे त्या दिवशी नोंद राहिली. सरळ सरासरी काढली तर १७ फूट येते, आणि त्या आठवड्यात माझ्या वहीत नदी एकदाही एवढी खाली नाही! मीडियन येतो १९. आता शून्यापेक्षा मोठे तेवढेच घ्या असा मास्क दिला की सरासरी २३.८ आणि मीडियन २४. वेगळा अ‍ॅरे करा, लूप लावा, मोजणी ठेवा, काही नाही, एका ओळीत काम. अ‍ॅरे (आकड्यांची यादी) इंटिजर, म्हणजे पूर्णांकांचा असला तरी मीडियनचं उत्तर डबल प्रिसिजनमध्ये (दशांशासकट) येतं, कारण आकड्यांची संख्या सम असली की मधल्या दोघांची सरासरी घ्यावी लागते, तिथे अर्धा फूट गळून चालणार नाही. हे कुणीतरी आधीच विचार करून ठेवलंय याचं मला खरंच कौतुक वाटतं.

दोन संध्याकाळी मात्र वाया गेल्या. मी थेट बिल्ड फोल्डरमधल्या फाईलमध्ये बदल करत बसलो, टेस्ट पास झाली, मग फोल्डर पुसून परत बांधलं तर बदल गायब. मूळ कोड फिपच्या (फोर्ट्रान कोड तयार करून देणारं टूल) टेम्प्लेटमध्ये असतो, त्यातून बिल्डच्या वेळी फोर्ट्रान फाईल तयार होते आणि तिच्यात प्रत्येक टाईप आणि रँकसाठी (अ‍ॅरेच्या मितींची संख्या) वेगळं फंक्शन असतं, म्हणजे दुरुस्ती टेम्प्लेटमध्येच करायची. एकदा केली की इंटिजर, रिअल सगळीकडे लागू.

अजून एक, रँक १५ पर्यंत बांधायला जाऊ नका. पॅरलल बिल्डला १६ जीबी रॅम लागते असं रीडमीतच लिहिलंय, माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर माऊससुद्धा हलेना. सीमेकला (बिल्ड करणारं टूल) मॅक्सिमम रँक ४ द्या, पुरतं.

आता मास्क पूर्ण फॉल्स असेल, म्हणजे एकही आकडा धरला नाही, तर काय, त्याची टेस्ट राहिलीय. उत्तर नॅन (नॉट अ नंबर) यायला हवं, माझ्या लिनक्सवर येतंय. विंडोजवर जीफोर्ट्रान कंपायलर असेल त्यांनी जरा चालवून सांगा ना, त्याची आवृत्तीपण लिहा.