बेनीच्या बापाचा पहिला प्रश्न

चौदा वर्षांच्या मुलाने केलेल्या खुनाचा सिनेमा म्हटला की रक्त आणि अंगावर येणारं संगीत आपण धरूनच चालतो. ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिखाएल हानेकेच्या १९९२ सालच्या ‘बेनीज व्हिडिओ’त तसलं जवळजवळ काहीच नाही. व्हिएन्नातलं सुखवस्तू घर आणि बेनीची व्हिडिओच्या यंत्रांनी भरलेली खोली. पडदे कायम ओढलेले. खालचा रस्तासुद्धा तो कॅमेरा लावून टीव्हीवर पाहतो.

आईबाप गावाला गेलेले असताना, व्हिडिओच्या दुकानाबाहेर भेटलेल्या मुलीला तो घरी आणतो आणि डुक्कर मारायच्या हत्याराने मारतो. हे आपल्याला दिसतं तेही त्याच्या खोलीतल्या टीव्हीवर. कॅमेरा जागचा हलत नाही, दोघं चौकटीबाहेर जातात, उरतो फक्त आवाज. मी रिमोट हातात घेऊन बसले होते, पण आवाज कमी करणं झालं नाही. नंतर तो फ्रिजमधलं दही खातो. आर्नो फ्रिशने हा मुलगा असा केलाय की चेहऱ्यावर शोधूनही काही सापडत नाही. कमी पैशांत भीती कशी उभी करायची, हे शिकायचं तर इथे शिकावं.

पण मला खरी भीती वाटली ती पुढे. खून बेनीच्या कॅमेऱ्यात टिपला गेलेला असतो. ती टेप तो आईबापांना दाखवतो. उल्रिश म्यूहेने केलेला बाप ओरडत नाही, मारत नाही. तो चौकशी करतो: तुला तिच्याबरोबर कोणी पाहिलं का? कोणाला सांगितलंस का? मग प्रेताचं काय करायचं याचा शांतपणे हिशोब मांडतो आणि आई-मुलाला इजिप्तला पाठवून देतो. “असं का केलंस?” हे तो विचारतो ते सगळं निस्तरून झाल्यावर, दोघं परत आल्यावर.

बडोद्याच्या दांडिया बाजारात मी नववी-दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते. एकदा एका मुलाने शेजारच्याच्या हातात कंपासचं टोक खुपसलं. वडिलांना बोलावलं, तर त्यांनी पहिलं हेच विचारलं, “बाई, कोणी पाहिलं का?” मुलगा बाजूलाच उभा होता. त्याने माझ्याकडे नाही, वडिलांकडे पाहिलं. सिनेमा बघताना मला तेच आठवत होतं.

माझ्या जाऊबाईंना हे पटलं नाही. “अगं, पोटचं पोर आहे. पोलिसांत देणार का बाप?” त्यांचं म्हणणं मी समजू शकते, मीही आई आहे. पण दार अर्धवट उघडं ठेवून बेनीने आईबापांचं ते बोलणं टिपून ठेवलेलं असतं आणि शेवटी तीच टेप तो पोलिसांना देतो. जाऊबाई म्हणाल्या, कृतघ्न कार्टं. मला वाटतं, घरात त्या रात्री जे कोणी बोललं नाही, ते ऐकायला तो तिथे गेला.