बिअर न पिणाऱ्याकडचे बिअरचे शेअर्स

आमच्या घरात बिअरची बाटली कधी आली नाही, पण अमेरिकेतल्या बिअर कंपन्यांची शेअर सर्टिफिकेटं आता अकरा झालीत. शेअर म्हणून एकाचीही किंमत शून्य. मित्र म्हणतो, काय बे, बुडालेल्या कंपनीचे कागद डॉलर देऊन घेतोस? घेतो की.

गेल्या आठवड्यात आलेलं फॉल्स्टाफ बिअर कंपनीचं. विकणाऱ्याने चक्क मधोमध घडी घालून साध्या पाकिटात टाकलेलं, इतका राग आला म्हणून सांगू. पण कागद दणकट. सुईने कोरल्यासारखी बारीक नक्षी, शाई इतकी उठलेली की डोळे मिटून बोट फिरवलं तरी बॉर्डर कळते. जुन्या अमेरिकन सर्टिफिकेटवर बहुतेक माणसाचं चित्र असतं, कारण चेहऱ्याची नक्कल करणं अवघड, आणि न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजचा तसा नियमच होता. सहीच्या वर मशीनने पाडलेली भोकं. भोकं म्हणजे कॅन्सल, शेअर दुसऱ्याच्या नावावर गेला. नवीन लोक भोकं बघून नाक मुरडतात, मला तीच आवडतात.

फॉल्स्टाफ हे नाव मुळात सेंट लुईसच्या लेंप कंपनीचं. जानेवारी १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली, लेंपने त्याआधीच १९१९ ला गाशा गुंडाळलेला. नुसतं नाव ग्रीसेडिक नावाच्या दुसऱ्या बिअरवाल्याने २५ हजार डॉलरला घेतलं, आणि १९२२ च्या लिलावात ७० लाखांची म्हणतात ती लेंपची सगळी ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना, एका चपला-बुटांच्या कंपनीला ५ लाख ८८ हजार ५०० ला गेली. पुढे १९३३ ला बंदी उठली आणि ते २५ हजारांचं नाव देशातल्या मोठ्या ब्रँडमध्ये जाऊन बसलं. म्हणजे इमारत गेली मातीमोल आणि नाव चाललं त्यानंतर सत्तर वर्षं, बघा.

हे वाचताना मला आपली सोलापूरची जुनी कापडगिरणी आठवते. आजोबा तिथे साच्यावर, म्हणजे मशीनवर होते. १८७७ ला सुरू झालेली, १९४९ ला बंद पडली, १९५० ला सरकारने वटहुकूम काढून ताब्यात घेतली, तर एक शेअरहोल्डर थेट सुप्रीम कोर्टात गेला. घटना लागू होऊन वर्षही झालं नव्हतं. तीन विरुद्ध दोन न्यायाधीश असा हरला, पण वकिलीच्या पोरांना आजही ती केस शिकवतात, आणि सोलापुरात कुणाला विचारा, माहीत नसतं!

मला त्या गिरणीचा एक शेअर पाहिजे. अमेरिकेतले अकरा घरबसल्या मिळाले, हा एक नाही मिळत. नवी पेठेतल्या फ्रेमवाल्याला सांगून ठेवलंय, दोन रद्दीवाल्यांना नंबर दिलाय. त्यातला एक म्हातारा फॉल्स्टाफचा कागद उलटसुलट बघून म्हणाला, असले चित्राचे मोठे कागद? गिरणीचे? आले होते की ओ, पोतंभर. पुड्या बांधायला गेले सगळे.

कोणत्या साली ते त्यालाही आठवत नव्हतं.